खंडेनवमीचा डिस्ट्रिब्यूटर

झाकण दिसलं की ते उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लहानपणी भिंतीवरचं घड्याळ उघडलं, मग मामाची बाजाची पेटी उघडली, आणि कॉलेजात असताना खानावळीतल्या रेडिओचा मागचा पुठ्ठा काढून असा धक्का खाल्ला की दोन दिवस उजव्या हाताने भाकर मोडवेना. घड्याळ पुन्हा चाललं नाही. पेटी चालली, पण तिच्यातले दोन सूर कायमचे गेले. वडील म्हणायचे, याला उघडता येतं, लावता येत नाही. मला ते अन्यायाचं वाटे. लावणं हे काय, जे काढलं ते परत ठेवलं की झालं, असं माझं मत होतं.

सत्तावन्न साली मी यवतमाळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि आपल्याला चारचौघांपेक्षा जरा जास्त कळतं याची खात्री होती. एका वयस्क डॉक्टरांच्या बंगल्यामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. माझ्या खिडकीसमोर टिनाचं शेड होतं आणि शेडमध्ये डॉक्टरांची मोटार. लढाईच्या आधीची, अमेरिकन बनावटीची, सहा सिलिंडरची. सकाळी चहा पिताना मी तिच्याकडे पाही. तिचं बॉनेट हे माझ्या दृष्टीने एक भलंमोठं झाकण होतं.

डॉक्टर स्वतः गाडी चालवत नसत. त्यांचा ड्रायव्हर पस्तिशीचा, कळंबच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला. लढाईत त्याने फौजेच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. स्टिअरिंगवर हात सफाईदार, बोलणं मोजकं. इंजिनातलं मात्र त्याला फारसं ठाऊक नव्हतं. तो म्हणे, "फौजेत चालवनारा येगळा आन् खोलनारा येगळा."

आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपूरच्या मैदानावर लाखो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांत हाही होता. त्याचा सगळा मोहल्ला ट्रक भरभरून गेला होता. राहिली ती त्याची आई. तिला तेव्हा ताप होता, आणि गुडघे तर कधीचेच गेलेले. पुढे त्यांच्या गावात भंते येऊन गेले, इथेच दीक्षा घे म्हणाले, तर म्हातारीने ऐकलं नाही. "जिथं सगळ्यायनं घेतली तिथंच घेईन," एवढंच तिचं म्हणणं. ट्रकमध्ये तिला चढता येत नव्हतं, एसटीच्या गर्दीत उभं राहवत नव्हतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, यंदाच्या दसऱ्याला गाडी घेऊन जा, नवमीच्या दुपारी निघा. म्हातारी वर्षभर त्या दिवसाची वाट पाहत होती.

डॉक्टरीणबाई दर खंडेनवमीला गाडीची पूजा घालत. खंडेनवमीला आपापली अवजारं पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. गाडीच्या डिक्कीतले पाने, हातोडी, जॅक हे सगळं ड्रायव्हरच पुसून मांडत असे. त्या वर्षी त्याने बाईंना अदबीने सांगितलं, "गाडी धुऊन देतो बाई, पन पूजा माह्याकडून नाई होनार. आमी शपथ घेतली हाये." नवमीच्या सकाळी गाडी धुऊन तो आईला आणायला गावी गेला, आणि बाईंनी मला हाक मारली.

"मास्तर, तेवढं गाडीचं तुम्ही पाहाल का?"

पाहाल का म्हटल्यावर मी पाहिलंच.

पाने पुसले, पाट मांडला, आणि मग माझ्या डोक्यात विचार आला की इंजिन हेही अवजारच आहे. सबंध इंजिन काही पाटावर ठेवता येत नाही, तेव्हा त्यातला एखादा महत्त्वाचा भाग काढून, स्वच्छ करून ठेवावा. हा विचार धार्मिक होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पूजा हे निमित्त. बॉनेट उघडायला कुणाची परवानगी विचारावी लागणार नव्हती, एवढंच.

इंजिनाच्या कुशीला एक ओतीव डबा उभा होता. त्यावर काळी टोपी आणि टोपीतून निघालेल्या सात जाड तारा. हा डिस्ट्रिब्यूटर. सहा तारा सहा प्लगांकडे जायच्या, मधली कॉइलकडून वीज घेऊन यायची. कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते हा ठरवतो. वर्गात मी तो दरवर्षी फळ्यावर काढत असे. फळ्यावर तो एक चौकोन होता आणि चौकोनात त्याचं नाव लिहिलेलं असे. आतून मी तो जन्मात पाहिला नव्हता.

दोन चिमटे सोडले आणि टोपी तारांसकट बाजूला झाली. आत मधोमध एक आखूड काटा, त्याला रोटर म्हणतात. टोपीच्या आतल्या अंगाला सहा खुंट्या, एकेका तारेची एकेक. काटा फिरता फिरता ज्या खुंटीसमोर येईल तिला ठिणगी मिळायची, पंगतीत वाढप्याने एकेकाच्या पानावर वाढत जावं तसं. काट्याखाली दोन इवलेसे पॉइंट एकमेकांना टेकलेले. ते उघडले की ठिणगी पडणार. आणि हा सगळा संसार इंजिनाला धरून होता तो एका बोल्टने. एकच बोल्ट! माझ्यासारख्याला याहून मोठं आमंत्रण कोणतं?

बोल्ट काढून डबा वर ओढला, तसा काटा आपोआप थोडा फिरला. मी थबकलो. डबा पुन्हा खाली दाबला, काटा उलटा फिरून जागेवर आला. वर, खाली, वर, खाली. मला हसू फुटलं. पूर्ण बाहेर काढून पाहिलं तर बुडाशी तिरप्या दात्यांचं चाक. दाते तिरपे, म्हणून सरळ ओढलं तरी ते फिरत बाहेर येत होतं. साधीच गोष्ट, पण ती आधी बोटांना कळली आणि मग डोक्याला, याचं मला भारी अप्रूप वाटलं.

मग भोकात डोकावलो. आत खोलवर दुसरं दातेरी चाक, तेलाने चकचकीत. ते कसं फिरतं ते पाहायला हवं. गाडीच्या तोंडाशी जाऊन इंजिन हाताने फिरवायचं हँडल घातलं, इंजिन अर्धं फिरवलं, धावत येऊन भोकात पाहिलं. पुन्हा हँडल, पुन्हा धाव. असं पाच-सात वेळा तरी केलं असेल. नंतर डबा रॉकेलने धुतला, काटा बोटाने भोवऱ्यासारखा गरगर फिरवून वाळवला, त्यावर हळदकुंकवाचं बोट लावलं आणि पाट मांडून बाईंना बोलावलं. पूजा छान झाली.

दुपारी बाराच्या सुमाराला प्रसाद देताना बाई सहज म्हणाल्या, "आज तो आईला घेऊन नागपूरला निघतोय ना? येईलच आता."

मी हातातला प्रसाद तसाच खाली ठेवला. पूजेतली वस्तू उचलायची नाही हे ठाऊक असूनही, बाई आत गेल्याबरोबर मी डबा उचलला आणि भोकात घातला. भोक तेच, डबा तोच, बोल्ट तोच. चूक व्हायला जागाच कुठे होती? बोल्ट आवळला, टोपी बसवली, हात धुतले.

तासाभराने बैलगाडी फाटकाशी आली. ड्रायव्हरने आईला हात धरून उतरवलं. साठीच्या पुढची असेल. अंगावर नवंकोरं पांढरं लुगडं, हातात भाकरीचं गाठोडं. मोटारीच्या मागच्या सीटवर ती काठावरच बसली, मग लेकाने सांगितल्यावर मागे सरकली. त्याने स्टार्टर दाबला. इंजिन घरघरलं. पुन्हा दाबला. पुन्हा घरघर, आणि मग बॉनेटखाली एकदम फट्ट करून बार उडाला. नेमाच्या वाटेने न जाता इंजिनाने उलटी ढेकर दिली होती.

ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. मी शेडच्या खांबाशी उभा होतो. त्याला फार शोधावं लागलं नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या डब्यावर कुंकवाचं बोट तसंच होतं.

"हे कोनं काढलं, मास्तर?"

"मी," म्हणालो. "पूजेसाठी."

तो टोपीच्या तारा एकेक चाचपून पाहू लागला. बोलली ती म्हातारी, गाडीत बसल्या बसल्या, अगदी शांतपणे.

"मुद्दाम केलं काय जी तुमी? आमी जाऊ नये म्हनून?"

माझं डोकंच फिरलं. माझा राग तसा नाकावरच असतो, आणि हा आरोप तर मला फारच लागला. "काय बोलता तुम्ही, आजी! मी असा माणूस वाटलो तुम्हाला? माझ्या मनात असलं काही..." असं बरंच काही मी चढ्या आवाजात बोललो.

"तिच्यावर कायले वरडता, मास्तर?" ड्रायव्हर म्हणाला. "तिनं इचारलं फक्त. आमचं घोटभर पानी बंद कराले लोकं काय काय करते ते तिनं पायलं हाये. आता बसवून द्या म्हन्जे झालं."

त्यावर मी खरं सांगायला हवं होतं की मला बसवता येत नाही. पण मी विज्ञानाचा मास्तर. म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे."

इंजिनाच्या मागच्या अंगाला एक छोटी खिडकी असते. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वर आला की मोठ्या चाकावरची खूण त्या खिडकीत दिसते. काट्याचं तोंड तेव्हा पहिल्या तारेच्या खुंटीकडे हवं. सकाळी हँडल आणि काटा दोन्ही फिरवून मी नेमकी हीच जोड मोडली होती. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. ड्रायव्हर हँडल मारायला गेला, मी टॉर्च घेऊन खिडकीत डोळा लावला. खूण आली. "थांबा!" मी ओरडलो. डबा काढून, काटा पहिल्या खुंटीकडे करून पुन्हा बसवला.

हँडल हातात घेऊन ड्रायव्हर जरा घुटमळला. "मास्तर, हे हँडल एका फेऱ्याले जड जाते, एका फेऱ्याले हलकं. आन् खून तं दोन्ही फेऱ्यात येत असन ना?"

"खूण म्हणजे खूण," मी म्हणालो. "तुम्ही स्टार्टर दाबा."

त्याने दाबला. या वेळचा बार असा झाला की माझी उजवी भुवई अर्धी जळाली आणि बॉनेटवर घातलेली झेंडूची माळ धुरकटली. आणखी चार वेळा दाबून पाहिलं तेव्हा गाडीच्या बॅटरीनेही मान टाकली. दोन वाजून गेले होते. म्हातारी उन्हाकडे पाहत होती.

दोन गल्ल्या पलीकडे एक मिस्तरी होता. मी धावत गेलो. दुकान बंद, ओसरीत पाटावर त्याचे पाने ओळीने मांडलेले, त्यावर फुलं, आणि तो शेजारी आडवा झालेला.

"माफ करा मास्तर," तो उठून म्हणाला. "पाने पूजेत हायेत. उद्या पूजा उतरल्याबिगर मी लोखंडाले हात लावनार नाई. माह्या बापानं लावला नाई."

"हाताला बंदी आहे. तोंडाला आहे का?"

त्याने डोकं खाजवलं. "तोंडाले कोनाची बंदी?"

असा तो आला. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून आला आणि शेडमध्ये एका खोक्यावर बसला. सगळं ऐकून घेऊन त्याने पहिलंच वाक्य उच्चारलं ते असं: "खून तं दोनदा येते, मास्तर. एकदा दट्ट्या धूर बाहेर लोटाले वर येते, एकदा हवा दाबाले. ठिनगी पायजे हवा दाबल्यावर."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं मी फळ्यावर इंजिनाचे चार टप्पे काढत होतो, दट्ट्या दोनदा वर येतो हे पोरांकडून घोकून घेत होतो, आणि ज्याने ते हँडलच्या जडपणावरून ओळखलं त्याला मी गप्प बसवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान ते माझ्यासारख्यांसाठीच लिहून ठेवलेलं आहे.

आता प्रश्न पान्यांचा. गाडीचे पाने पाटावर, हळदकुंकू वाहिलेले. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. इतका वेळ लपवाछपवी चालली, पण दाराशी बाई उभ्या होत्या. ड्रायव्हर मात्र सरळ पुढे झाला. "माह्यासाठी पाना म्हन्जे पाना," म्हणाला, आणि पाटावरून प्लगचा पाना उचलून फडक्याने त्यावरचं कुंकू पुसलं. बाई पुढे आल्या. मला वाटलं, आता काही बोलणार. त्यांनी त्याची बाही भाजू नये म्हणून समई थोडी बाजूला सरकवली आणि आत गेल्या.

पहिला प्लग काढला. मिस्तरीने सांगितल्याप्रमाणे मी त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि ड्रायव्हर हँडल हळूहळू फिरवू लागला. एक फेरा झाला, अंगठ्याला काही कळलं नाही. दुसऱ्या फेऱ्याला अंगठ्याखाली काहीतरी जमायला लागलं. आधी हलकं, मग जोराचं, आणि मग फुस्स करून हवेने माझा अंगठा उडवून लावला.

काय सांगू, मला इतका आनंद झाला! फळ्यावरचा तो बाण, तो दाब, तो प्रत्यक्ष माझ्या अंगठ्याखालून निघून गेला होता. उशीर, नागपूर, भुवई, सगळं विसरून मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "पुन्हा एकदा फिरवा हो!"

"काय झालं?" म्हातारीने विचारलं. लेकाच्या खांद्याला धरून ती गाडीतून उतरून आली. "मले पाहू द्या."

मी तिचा अंगठा धरून भोकावर ठेवला. ड्रायव्हरने पुन्हा दोन फेरे फिरवले. अंगठा उडाला तशी ती दचकली, मग बोट नाकाशी नेऊन तिने वास घेतला. "अवो, हे तं चुलीच्या फुकनीवानी करते," म्हणाली. "येवढी हवा कोंडते कुठं?" मी सांगायला तोंड उघडलं, तर मिस्तरी खेकसला, "शाळा मांगून भरवा! खून पुढं निघून गेली. उलटं नका फिरवू, पुढूनच आना परत."

खूण आली, हवा दाबलेल्या फेऱ्याची आली. डबा बसवायचा तर काटा खुंटीच्या थोडा अलीकडे धरायचा, कारण तिरप्या दात्यांनी खाली जाता जाता तो फिरणार. एकदा एक दाता पुढे गेला, एकदा मागे. तिसऱ्या वेळी काटा अगदी जागेवर आला, पण डबा अर्धा बोटभर वरच राहिला. खाली तेलाच्या पंपाची खाच असते, तिच्यात डब्याच्या दांड्याचं टोक बसत नव्हतं. ड्रायव्हरने लांब पेचकस भोकात घालून खाच किंचित वळवली. पुन्हा घातलं. करंगळीएवढी फट उरलीच. मिस्तरी खोक्यावरून उठला, बसला, पुन्हा उठला. पाठीमागचे हात त्याने असे आवळले होते की बोटं पांढरी पडली. शेवटी त्याला राहवलं नाही. तो वाकला आणि उजव्या कोपराने त्याने डब्याच्या काठावर एक ठोसा दिला. डबा कुक् करून खाली बसला.

"हात नाई लावला," तो आमच्या तिघांकडे पाहून म्हणाला. "कोपर लावलं."

मग ठिणगीची नेमकी वेळ. मिस्तरीने बिडीच्या कट्ट्यावरचा पातळ कागद फाडायला सांगितला. त्याची चिंचोळी पट्टी दोन पॉइंटांच्या मध्ये धरायची, हलकेच ओढत राहायची आणि दुसऱ्या हाताने डबा केसभर केसभर वळवायचा. ज्या क्षणी पॉइंट उघडायला लागतात त्या क्षणी कागद सुटतो. तीच ठिणगीची वेळ. कागद माझ्या हातात, डबा ड्रायव्हरच्या. कागद अडून होता, अडून होता, आणि मग अलगद सुटून आला. "बस!" मिस्तरी आणि मी एकदमच म्हणालो.

बॅटरी गेलेली, म्हणून ड्रायव्हरने हँडल मारलं. दुसऱ्याच झटक्याला इंजिन लागलं. मिस्तरीने डोळे मिटून ऐकलं. "चांगलं हाये. पन चढावर टकटक वाजलं तं ठिनगी घाई करून राह्यली समजा. काटा ज्या अंगानं फिरते त्याच अंगानं डबा एक केस सरकवा. कोनी तरी संगं पायजे."

"मी येतो," मी म्हणालो. मला वाटतं, ते मी निम्मं अपराधाने म्हणालो आणि निम्मं त्या टकटकीसाठी. ती मी कधी ऐकली नव्हती.

ड्रायव्हर म्हणाला, "या."

साडेतीनला निघालो. कळंबच्या अलीकडे एका चढावर टकटक आली, भट्टीत फुटाणे फुटावेत तशी. उतरलो, बोल्ट सैल केला, मनगट भाजून घेतलं, डबा केसभर सरकवला. पुढच्या चढावर आवाज नव्हता. दिवेलागणीनंतर नागपूरला पोचलो आणि त्यांच्या नातलगांकडे उतरलो. मी त्यांच्या पंक्तीला जेवलो. याचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाचीच लाज वाटते.

दसऱ्याच्या दिवशी मैदानावर जिकडे तिकडे पांढरे कपडे. ड्रायव्हर आईच्या कोपराला धरून तिला पुढे घेऊन गेला. मी गाडीजवळच थांबलो. मध्येच शेकडो गळ्यांतून एकदम शब्द उठत आणि खाली बसत, त्यात तिचा आवाज कोणता ते कळायला मार्ग नव्हता. दुपारी ती परत आली तेव्हा गुडघ्यांनी हैराण झालेली, पण चेहरा असा की मी आपण होऊन गाडीचं दार उघडून उभा राहिलो. "झालं," ती म्हणाली. "घेतली."

परतीच्या वाटेवर इंजिन काय सुरेख चालत होतं! मी रंगात येऊन बोलत होतो. ठिणगी क्षणभर आधी पडली तर काय होतं, उशिरा पडली तर काय होतं, सहा सिलिंडरांचा क्रम कसा. म्हातारी मागून प्रश्न विचारत होती, आणि चांगले विचारत होती. कोंडलेली हवा पेटते तर सिलिंडर कसं फुटत नाही, असं तिने विचारलं. माझ्या अकरावीच्या वर्गात तोवर हे कुणी विचारलं नव्हतं.

वर्धा मागे पडल्यावर तिने पुढच्या सीटच्या पाठीला हात टेकला. मग म्हणाली, "मास्तर, काल मी तुमाले इचारलं, मुद्दाम केलं काय, तं तुमी रागावले."

"चुकलं माझं, आजी."

"रागाचं नाई म्हनत मी. तुमी मुद्दाम नाई केलं, ते मले दिसलं. त्या भोकावर अंगठा धरून लेकरावानी हासत होते तुमी. पन एक सांगा. गाडी वर्षभर तुमच्या खिडकीसमोर उभी रायते. मंग ते तुमी कालच काहून काढलं?"

माझ्याजवळ याचं खरं उत्तर होतं, आणि ते देताना मला हायसं वाटलं. "आजी, अगदी खरं सांगतो. तुम्ही काल जाणार आहात हे माझ्या लक्षातच नव्हतं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीसुद्धा नव्हतं."

"तुमाले सांगतलं नोतं काय कोनी?"

उत्तर ड्रायव्हरने दिलं, रस्त्यावरची नजर न काढता. "सांगतलं होतं, माय. आठ दिवसात तीन खेपा. चा पेता पेता सांगतलं."

त्याने सांगितलं होतं. मला ते आता आठवलं. तीन वेळा मी "वा, छान" म्हणालो होतो.

"मी वर्षभर एक एक दिवस मोजला," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. भोकात डोकावताना माझ्या मनात जे होतं तेच तिच्या आवाजात होतं, आत काय आहे ते पाहण्याची इच्छा. "मुद्दाम केलं असतं तं बरं झालं असतं, मास्तर. मानूस मुद्दाम करते तवा समोरचा त्याच्या ध्यानात तरी असते."

देवळीला पाणी घ्यायला गाडी थांबली. मी बॉनेट न उघडता मागचं दार उघडलं आणि तिला विचारलं, वर्षभराचे दिवस तिने कसे मोजले ते.